एकविसाव्या अध्यायातले एकविसावे वचन

चि. योहान यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. वादविवादात तुझ्या बाजूने निकाल लागला हे वाचून आनंद झाला, पण ज्या मुद्द्यावर तू जिंकलास तो काही मला पटला नाही. बायबलमधली गुलामगिरी ही खरी गुलामगिरी नव्हतीच, ती कर्ज फेडण्यासाठी केलेली सहा वर्षांची चाकरी होती, असे तू म्हणालास आणि समोरच्याला उत्तर सुचले नाही. त्याने वाचन केले नव्हते, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

सहा वर्षांचा नियम आहे, नाही असे नाही. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 21व्या अध्यायाच्या आरंभीच तो येतो, आणि ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात तर सुटणाऱ्या दासाला रिकाम्या हाताने पाठवू नये, कळपातले आणि खळ्यातले त्याला द्यावे, असे बजावले आहे. पण हा नियम इब्री, म्हणजे इस्राएली, दासापुरता. त्यातही धन्याने त्याला बायको करून दिली असेल, तर सातव्या वर्षी तो एकटाच बाहेर पडणार, बायको आणि मुले धन्याचीच राहणार. त्यांना सोडून जाण्यास मन धजत नसेल, तर धन्याने त्याला दाराच्या चौकटीशी नेऊन आरीने त्याचा कान टोचावा आणि मग त्याने जन्मभर तिथेच राबावे. चौकटीशी उभा असलेला तो बाप डोळ्यांसमोर आण, आणि त्याच्या राहण्याला स्वखुशी म्हणवते का ते मला सांग.

संडे स्कूलमध्ये निर्गमचा हा 21वा अध्याय मी बरीच वर्षे शिकवला आणि दर वेळी 19व्या वचनावरून थेट 26व्यावर गेले. दासाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर त्याला मोकळे करावे, हे मुलांना सांगायला बरे वाटे. मधले 20वे आणि 21वे वचन असे, की धन्याच्या काठीने दास जागीच मेला तर धन्याला शिक्षा व्हावी, पण तो एक-दोन दिवस जगला तर होऊ नये, कारण तो त्याचेच धन आहे. एकदा एका मुलीने, बाई, मधली वचने राहिली, असे म्हटले, तेव्हा मी वेळ संपल्याचे सांगितले. घड्याळात अजून दहा मिनिटे होती.

ही उडी मी एकटीनेच मारली असे नाही. लंडनमध्ये 1807 साली कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांसाठी बायबलची एक आवृत्ती छापली गेली. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधल्या दास्यातून, इस्राएलांची झालेली सुटका तिच्यातून गाळली होती. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हे इफिसकरांस पत्रातले वचन मात्र जागच्या जागी होते. मळ्यावर कोणती पाने धोक्याची, हे निवडणाऱ्यांना चांगलेच कळत असावे.

तुझ्या प्रतिपक्षालाही मात्र सारे काही मोकळे सोडू नकोस. माणूस पळवून विकणाऱ्याला निर्गमात देहदंड आहे, आणि अटलांटिकपार चाललेला सारा व्यापार अशाच पळवापळवीवर उभा होता. पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नये, असे अनुवादाचा 23वा अध्याय सांगतो. प्राचीन बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात अशा दासाला घरात लपवणाऱ्याला मृत्यू होता, आणि बायबल उशाशी ठेवणाऱ्या अमेरिकेने 1850 साली पळालेल्या गुलामांना परत करण्याचाच कायदा केला.

बायबलमधल्याच ‘लेवीय’ या पुस्तकाचा 25वा अध्याय सर्वांत अवघड. 42व्या वचनात देव म्हणतो की इस्राएल माझे दास आहेत, मी त्यांना मिसरातून आणले, त्यांना विकू नये. दोनच वचने पुढे, आसपासच्या राष्ट्रांतले दासदासी विकत घ्यावेत आणि ते मुलांना वतन म्हणून ठेवावेत, अशी मुभा आहे. आता त्याच पुस्तकाचा 19वा अध्याय काढ. तिथे परदेशीयावर स्वतःसारखी प्रीती करण्यास सांगितले आहे, आणि कारण पुन्हा मिसरच: तुम्हीही तिथे परके होता. वाद बाहेरून आलेला नाही, पुस्तकाच्या आतच आहे, आणि तू तो तिथेच मांडावास असे मला वाटते.

शब्दाकडेही लक्ष दे. आपल्या भाषांतरात बहुतेक ठिकाणी ‘दास’ येतो, आणि मराठी कानाला दास म्हटले की भक्त आठवतो. ख्रिस्ताचा प्रेषित पौल आपल्या पत्रांत स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो तेव्हा ते गोड लागते, पण मूळ ग्रीक शब्द बाजारात विकल्या जाणाऱ्या माणसाचाच आहे. तिथे ‘गुलाम’ घालून एकदा मोठ्याने वाचून पाहा.

पुढच्या फेरीत तुला उलट बाजू मिळाली आहे, असे लिहितोस. तयारीला पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रापासून लाग. पौल अनेसिम नावाच्या दासाला त्याच्या धन्याकडे, म्हणजे फिलेमोनाकडे, परत पाठवतो, त्याला आता दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार असे लिहितो, आणि त्याला मुक्त कर असे मात्र स्पष्ट शब्दांत कुठेच म्हणत नाही. अवघी 25 वचने आहेत. फिलेमोनाने पुढे काय केले, ते त्यांत नाही.

तुझी,
आई