गुरूची बारा वर्षे, शनीची तीस

नाशिक

चि. मृण्मयी हिस आईचे अनेक आशीर्वाद.

आठ ग्रहांची नावे सूर्यापासूनच्या क्रमानेच पाठ करावीत असा आग्रह शाळेत का धरतात, आणि नावे माहीत असल्यावर क्रमाने असे काय साधते, असे तू मागच्या पत्रात विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे, म्हणून फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्याऐवजी सविस्तर लिहिते आहे. एखादा ग्रह किती वेगाने फिरतो, त्याचे वर्ष किती मोठे असते आणि तो कशाचा बनलेला आहे, हे बहुतांशी तो सूर्यापासून किती दूर आहे यावर अवलंबून असते. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून हा क्रम वाढत्या अंतराचा आहे, आणि म्हणूनच तो नुसत्या नावांपेक्षा बरेच अधिक सांगतो.

सूर्यमालेतील एकूण वस्तुमानापैकी ९९.८ टक्क्यांहून अधिक वस्तुमान एकट्या सूर्यात आहे. त्यामुळे प्रत्येक ग्रहाच्या गतीवर मुख्य सत्ता सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाची चालते, आणि अंतर वाढते तसे हे आकर्षण झपाट्याने क्षीण होते. बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने धावतो आणि ८८ दिवसांत सूर्याभोवती फेरी पूर्ण करतो. आपली पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जाते, तर नेपच्यूनचा वेग जेमतेम साडेपाच किलोमीटर आहे. दूरच्या ग्रहाची कक्षा लांब असते आणि त्याची चालही मंद असते. या दोन्ही कारणांनी त्याचे वर्ष फार मोठे होते.

हे समजण्यासाठी आपल्याला नाशिकबाहेर जाण्याचीही गरज नाही. गुरू सिंह राशीत असताना नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो, हे तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. २००३ साली आणि त्यानंतर २०१५ साली सिंहस्थ झाला, कारण आकाशाचे एक पूर्ण चक्र करून त्याच राशीत परत यायला गुरूला सुमारे बारा वर्षे लागतात. नेमके सांगायचे तर हा काळ ११.८६ वर्षांचा आहे, आणि बारांपेक्षा तो किंचित कमी असल्याचा परिणामही प्रत्यक्ष दिसतो. सात प्रदक्षिणांना गुरूला ८४ नव्हे, तर ८३ वर्षे लागतात, त्यामुळे कधीतरी एक पर्व बाराऐवजी अकराव्या वर्षीच येते. हरिद्वारला २०१० नंतरचा कुंभमेळा २०२१ मध्ये भरला, तो याच हिशेबाने. ज्यांनी दुर्बीण नसताना पिढ्यान्‌पिढ्या ग्रह पाहून हे चक्र टिपून ठेवले, त्यांच्या चिकाटीविषयी मला फार आदर वाटतो.

हे चक्र बारा वर्षांचेच का, याचे उत्तर मात्र योहान्स केप्लर या जर्मन गणितज्ञाने १६१९ साली प्रसिद्ध केलेल्या नियमात आहे. पृथ्वीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर, हे एक एकक मानले आणि काळ वर्षांत मोजला, तर कोणत्याही ग्रहाच्या अंतराचा घन हा त्याच्या प्रदक्षिणाकाळाच्या वर्गाएवढा असतो. गुरू आपल्या ५.२ पट अंतरावर आहे. ५.२ चा घन १४०.६ येतो आणि त्याचे वर्गमूळ ११.८६. सिंहस्थाचा काळ असा अंतरावरूनच निघतो.

आता शनी घेऊ. तो सुमारे साडेनऊ पट अंतरावर आहे आणि त्याला एका प्रदक्षिणेस साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींत ती वाटली, तर एका राशीला सुमारे अडीच वर्षे येतात, आणि जन्मराशी, तिच्या मागची आणि पुढची अशा तीन राशी ओलांडायला साडेसात. आजी ज्या साडेसातीविषयी काळजीने बोलते, तिचा काळ असा शनीच्या कक्षेतून आलेला आहे. माझे मत तुला स्पष्ट सांगते: या गणितातला काळ खरा आहे, परंतु १४० कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावर आपल्या वाटेने संथपणे जाणाऱ्या त्या ग्रहाचा कोणाच्या परीक्षेशी किंवा आजारपणाशी काहीही संबंध नाही. आजीशी मात्र यावरून वाद घालू नकोस. तिला शनीची कडी दुर्बिणीतून दाखवता आली तर अवश्य दाखव.

पंचांगात एखादा ग्रह वक्री झाल्याचे लिहिलेले असते, त्याचाही उलगडा वेगांच्या या फरकानेच होतो. वेगवान गाडीतून शेजारच्या रुळावरील संथ गाडी मागे सरकताना दिसते, तसे पृथ्वी मंगळाला मागे टाकून पुढे जाते तेव्हा तो काही आठवडे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलटा चालल्यासारखा भासतो. प्रत्यक्षात तो आपली दिशा कधीच बदलत नाही.

अंतराचा दुसरा परिणाम ग्रहांच्या घडणीवर झाला. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धूळ यांच्या फिरत्या तबकडीतून ग्रह घडत होते, तेव्हा सूर्याजवळच्या उष्ण भागात धातू आणि खडक यांचेच कण घनरूपात टिकू शकत होते. त्यामुळे पहिले चार ग्रह खडकाळ आणि आकाराने लहान राहिले. मंगळाच्या पलीकडे, आज जेथे लघुग्रहांचा पट्टा आहे त्या सुमारास, पाण्याचे बर्फ होण्याइतकी थंडी होती. तेथून पुढे बांधणीचे साहित्य विपुल होते, आणि मोठ्या झालेल्या गाभ्यांनी हायड्रोजन व हेलियमही ओढून घेतले. एकट्या गुरूचे वस्तुमान उरलेल्या सातही ग्रहांच्या एकत्रित वस्तुमानाच्या सुमारे अडीच पट आहे.

तरीही अंतरावरून सगळेच ठरते असे समजू नकोस. सूर्याच्या सर्वांत जवळ बुध आहे, पण सर्वांत तप्त ग्रह शुक्र आहे. बुधावर दिवसा सुमारे ४३० अंश सेल्सिअस तापमान असते आणि रात्री ते शून्याखाली १८० अंशांपर्यंत उतरते, कारण उष्णता धरून ठेवणारे वातावरणच तेथे जवळजवळ नाही. शुक्राभोवती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचे जाड आवरण आहे. पृष्ठभागावर त्याचा दाब पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या ९० पटींहून अधिक भरतो, आणि अडकलेल्या उष्णतेमुळे तेथे दिवसरात्र सुमारे ४६५ अंश तापमान राहते. सोव्हिएत संघाचे व्हेनेरा १३ हे यान १९८२ साली तेथे उतरले आणि दोन तासांहून थोडा अधिक काळ काम करून बंद पडले. आकाराने पृथ्वीच्या जवळपास सारखा असलेला हा ग्रह इतका निराळा का झाला, हा मला सूर्यमालेतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो, कारण आपल्या हवेतील कार्बन डायऑक्साइडही वाढत आहे.

युरेनस आणि नेपच्यून आपल्या जुन्या नवग्रहांत नाहीत. युरेनस विल्यम हर्शेल यांना १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधील बाथ येथे दुर्बिणीतून सापडला. पुढे त्याची चाल गणिताशी जुळेना. कोणीतरी अज्ञात ग्रह त्याला ओढत असावा असे धरून फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी त्या ग्रहाचे स्थान कागदावर काढले आणि ते बर्लिनच्या वेधशाळेला कळवले. तेथे योहान गाले यांनी २३ सप्टेंबर १८४६ रोजी शोध घेतला, आणि त्याच रात्री, सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत, नेपच्यून दिसला. त्याचे वर्ष आपल्या सुमारे १६५ वर्षांचे असल्याने, शोध लागल्यानंतरची पहिली प्रदक्षिणा त्याने २०११ साली पूर्ण केली.

येथे एका मराठी माणसाचे नाव तुला ठाऊक असायला हवे. ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ साली फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत लेख लिहून नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचे अंतर त्यांनी सुमारे ३९ एकके धरले होते. १९३० मध्ये प्लूटो सापडला, त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस एकके निघाले. हे साम्य पाहून अभिमान वाटतो खरा, परंतु प्लूटोचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे सहाव्या हिश्श्याएवढेच आहे आणि २००६ पासून तो बटुग्रह गणला जातो, त्यामुळे तेवढ्यावरून केतकरांचे भाकीत सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. मुख्यतः पंचांगाच्या गणितात आयुष्य घालवणाऱ्या माणसाने जगाच्या पुढे जाऊन असा प्रश्न हाती घेतला, याचे मोल मला अधिक वाटते.

आता तुझ्यासाठी एक गणित देते. मंगळाचे अंतर १.५२ एकके धर, केप्लरच्या नियमाने त्याचे वर्ष काढ आणि त्याला ३६५.२५ ने गुण. पुस्तकात ६८७ दिवस दिले आहेत. तुझे उत्तर दोन-तीन दिवसांनी कमी येईल. मग अंतर १.५२४ घेऊन तेच गणित पुन्हा कर आणि दोन्ही उत्तरे मला पुढच्या पत्रात लिहून पाठव.

तुझी,
आई