लॅब शाईची तारीख सांगत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या कोर्टात बोर्डावर चेक बाउन्सच्या केसेस कायम असतात आणि आरोपीचं म्हणणं बहुतेक ठरलेलं, सही माझीच आहे पण चेक कोरा दिला होता, रक्कम नि तारीख समोरच्याने नंतर भरली. मग कोणीतरी सांगतं की अर्ज टाका, चेक तज्ज्ञाकडे पाठवा, शाईचं वय निघेल. बिचारे त्या आशेवर फी भरत बसतात. पेपरात पण "फॉरेन्सिकला पाठवलं" एवढंच येतं, पुढचं कोणी लिहीत नाही.

लॅबला दोन शाया वेगळ्या आहेत का हे बऱ्यापैकी कळतं. चेकवर इन्फ्रारेड लाइट टाकून कॅमेऱ्यातून बघतात. डोळ्याला दोन्ही काळ्याच दिसतात, पण साध्या बॉलपेनची रेघ त्या लाइटमध्ये बरेचदा गायब होते आणि कार्बनवाल्या जेल पेनची काळीकुट्ट तशीच राहते, म्हणजे दहा हजारावर कोणी जेलने एक शून्य वाढवलं असेल तर स्क्रीनवर आधीचे आकडे विरतात नि ते एकटं शून्य उरतं. भारीच प्रकार आहे! नाहीच कळलं तर रेघेतून सुईच्या टोकाएवढे ठिपके काढून क्रोमॅटोग्राफी करतात, म्हणजे शाईतले रंग वेगळे करून त्यांचे पट्टे जुळतात का बघतात. पण समोरच्याने तसल्याच पेनने भरलं असेल तर इथेही हात टेकले.

वयाचं म्हणाल तर बॉलपेनच्या शाईत फिनॉक्सिइथेनॉल नावाचं सॉल्व्हंट असतं, ते हळूहळू उडतं, किती उरलंय त्यावरून अंदाज बांधतात. पण बरंचसं पहिल्या काही महिन्यांतच जातं, दोनेक वर्षांनी फरक कळेनासा होतो, त्यात कागद कपाटात होता की उन्हाळाभर पत्र्याखाली यावरही सगळं बदलतं. आणि आपल्या केसेस तेवढ्यात साक्षीपर्यंत तरी येतात का? मद्रास हायकोर्टाने २०१० मध्येच शाईचं वय काढायला चेक पाठवायची मागणी फेटाळली होती, कारण तसं खात्रीने सांगणारा तज्ज्ञच नाही.

बरं, शाई वेगळी निघाली तरी काय? सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की सही करून चेक स्वखुशीने दिला असेल तर बाकीचा मजकूर दुसऱ्याने भरला म्हणून तो बाद होत नाही, देणं नव्हतं हे आरोपीनेच दाखवायचं. हे अशिलाला अर्ज टाकायच्या आधी सांगायला नको का? वकील मंडळींना राग येईल, येऊ दे.

अजून एक, घरातल्या जुन्या इसार पावत्या, साठेखतं लॅमिनेट करू नका, प्लास्टिक चिकटलं की शाईचं सॅम्पल नीट काढता येत नाही. आणि झेरॉक्स पाठवून शाई तपासून होत नाही, त्यावर नुसता टोनर असतो.

आपला,
एक वाचक, सातारा