ताई, दार लोटून घेतलंत त्याबद्दल

आदरणीय ताई,

आईंच्या सेवेला घरी अटेंडंट पाठवणारी सेवा तुम्ही चालवता. तिचे पैसे आमच्याकडे थकले होते आणि तुम्ही फोन न करता स्वतः घरी आलात. आम्हाला वाटलं, आता माणूस काढून घेणार. तुम्ही आधी आईंच्या टाचा उचलून, पडून राहून जखम होण्याआधी येते ती लाली आहे का ते पाहिलंत, मग आम्हाला गॅलरीत बोलावलंत आणि त्यांच्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलंत. पैशाचा पहिला शब्द त्यानंतर निघाला.

हे पत्र सगळ्यात आधी त्या दारासाठी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कानावर थकबाकी पडली की काय होतं, हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ती माणसं बोलत नाहीत. गोळी अर्धी करून उरलेली उशीखाली ठेवतात. डायपर ओला झाला तरी सांगत नाहीत. कुणाला त्रास नको म्हणून पाणी पिणं कमी करतात, मग लघवीचा संसर्ग, ताप, बरळणं आणि थेट दवाखाना.

आधीच्या सेवेनं हेच बोलणं आईंच्या उशाशी, फोनचा स्पीकर लावून केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून अटेंडंट बंद. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कोणत्या तारखेचा, रक्त पातळ करायची गोळी सकाळची की रात्रीची, पाठीवर कुठे लाल झालंय, एका ओळीचा कागद मागे ठेवला नाही. पैसे मागायचा त्यांना हक्क होता. असा आजारी माणूस अधांतरी सोडायचा नव्हता.

तुम्ही विचारलंत, पैसे कमी का पडताहेत? अंगठ्याच्या रेषा झिजल्यामुळे यंत्रानं आईंचा ठसा घेतला नव्हता, हयातीचा दाखला राहिला, ३० नोव्हेंबर उलटला आणि पेन्शन थांबली. फोनवर चेहरा दाखवून हा दाखला देता येतो, नाहीतर पोस्टमन घरी येऊन करतो, ऐंशीच्या पुढच्यांसाठी तर १ ऑक्टोबरपासूनच सोय असते आणि थांबलेली रक्कम मागाहून मिळते, हे तुमच्याकडून कळलं. सत्तरीनंतरच्या आयुष्मान कार्डाचे ५ लाख दवाखान्यात भरती झाल्यावरच कामी येतात, घरच्या अटेंडंटचा पगार त्यातून निघत नाही, हेही तुम्ही तोंडावर सांगितलंत. खोट्या आशेवर ठेवलं नाहीत, हे फार मोलाचं.

मग खर्च कुठे कमी करायचा ते ठरलं. बारा तासांची ड्यूटी सकाळी २ आणि संध्याकाळी १ तासावर आली. या तीन तासांत स्पंज, पाठ तपासणं, खुर्चीत बसवणं, म्हणजे ज्याला सरावाचे हात लागतात ते सगळं. दर दोन तासांनी कूस बदलणं तुम्ही आम्हाला शिकवलंत: पाठीमागे उशी देऊन फक्त ३० अंश कलवायचं, कारण पूर्ण कुशीवर निजवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि पोटऱ्यांखाली दुसरी, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. हवेची गादी विकत न घेता भाड्यानं. डायपर फक्त रात्री, दिवसा मेणकापडावर जुन्या सुती साडीची चौपदरी घडी, पण कातडी जरा जरी सोलवटली तर ही काटकसर त्याच दिवशी बंद. नर्सनं करायचं ड्रेसिंग आणि कॅथेटर बदलणं यांत तुम्ही काटछाट करू दिली नाहीत. वेळा बदलल्या त्या आईंना विचारून, अंघोळ आधी हवी की चहा आधी.

सवलत दिलीत ती स्वतःच्या कमिशनमधून. येणाऱ्या मुलीचा तासाचा दर एक रुपयानंही घटवला नाहीत. पुष्कळ ठिकाणी घरच्यांवर केलेले उपकार त्या मुलीच्या पगारातून वसूल होतात आणि तीन आठवड्यांत ती काम सोडून जाते. मग आजारी माणसाला पुन्हा नवा हात, नवा चेहरा.

हुकुमचंद मिल ही कापड गिरणी १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा मार्ग मोकळा व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, असं हे आपलं इंदूर. इथे म्हातारपणी हातात पैसा नाही म्हणून कुणाला बेजबाबदार ठरवताना माणसानं दहादा विचार करावा. तुम्ही ठरवलं नाहीत. दुसऱ्याची अडचण त्याची अब्रू राखून हाताळणारी माणसं अजून आहेत, याचा आम्हाला फार आधार वाटला.

नवा दर, तो कधीपर्यंत, थकलेली रक्कम किती हप्त्यांत आणि परत कधी बसायचं, हे सगळं तुम्ही एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्यात. गावातल्या इतर सेवा चालवणाऱ्यांना ते पान नमुना म्हणून खुशाल दाखवा, आमची पूर्ण संमती आहे. आईंचं नाव तेवढं झाका.

आपले कृतज्ञ,
रामबागेतलं एक कुटुंब, इंदूर