दत्त्या, तुझा गांधार सापडला

मिरज, १२ नोव्हेंबर

प्रिय दत्त्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घाल, पण हे पुरं वाच. गुडघा तसाच, साखर ताब्यात.

बराकीमागे तू त्या सरकत्या नळीच्या पितळी ट्रॉम्बोनमध्ये गात गात फुंकायचास, ते उस्तादांना पाटलाने नाही, मी सांगितलं होतं. घाणेरडा आवाज वाटायचा मला. तू त्या बिचाऱ्याशी वर्षभर बोलला नाहीस.

आज तेच शिकवतोय. माझ्याकडे बँडवाल्यांचा धाकटा येतो. त्याने मोबाईलवर बेरिओ या इटालियन संगीतकाराची ‘सेक्वेंझा पाच’ ही रचना ऐकली. १९६६ सालची, एकट्या ट्रॉम्बोनची, ग्रोक नावाच्या विदूषकाच्या आठवणीत लिहिलेली. वादक वाजवता वाजवता गातो आणि मध्येच विचारतो, ‘व्हाय?’ पोरगा म्हणाला, “सर, हे शिकवा.”

महिनाभर जमेना. गळा ओठांच्या सुराला चिकटायचा, नाहीतर ओठच घसरायचे. शेवटी त्याला सतारमेकर गल्लीत नेलं. कारागिराने तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवला, जवारी, म्हणजे तारेची गुंज, उघडली आणि खर्जाच्या सा-मधून गांधार, म्हणजे ग, बोलला. पोराने मान वर केली. घरी येऊन ट्रॉम्बोनवर खर्ज धरला, गळ्याने पंचम, म्हणजे प, गायला, अन् तिसरा सूर खोलीत उभा! तू म्हणायचास ना, “आत कुणीतरी बसलंय”? हिशेब साधा आहे: सेकंदाला ११६ कंपनांचा खर्ज, १७५चा पंचम, बेरीज २९१. तोच गांधार. तुझ्या भुताचा पत्ता लागला, दत्त्या!

पण झोप नाही. तुळशीचं लग्न झालं की याच्या घरी सुपाऱ्या सुरू. बाप म्हणतो, “वरातीत ही गुरगुर निघाली तर पुढची सुपारी कोण देईल?” खोटं नाही, घर त्यावरच चालतं. रोज वरातीत चार तास फुंकून सुजलेल्या ओठांवर हा सराव लादू? ओठांची बसलेली घडी मोडली तर? आणि लग्नसराई संपेपर्यंत थांबवलं, तर आत्ताच उघडलेला कान मिटेल, ही भीती वेगळीच. लय मोजणाऱ्या मेट्रोनोमपुढे बसवावा, स्केल घोटून घ्यावेत, हे मला येतं. हे नवं संगीत मीही त्याच्याबरोबरच शिकतोय. तुझ्यासारखा माणूस शेजारी हवा होता, आणि तुलाच मी तेव्हा गप्प केलं. माफ कर.

धाकटीचं ठरलं म्हणे, छान झालं. वहिनींना नमस्कार. नव्या घरात ओल येते का अजून?

खालचा सूर न हलवता तू गळा मोकळा कसा सोडायचास, ते सविस्तर लिही. जमलं तर डिसेंबरात चार दिवस ये, पोराला तुझ्यापुढे बसवतो. पाटलाला आज फोन करतोय.

तुझाच,
आबा