पायपुसणं तिला खड्डा दिसत होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्मृतिभ्रंशावर आपल्या अंकात अधूनमधून लेख येतात. मी ते कात्रून ठेवतो. त्यांत विसरण्याबद्दल पुष्कळ असतं. पण या आजारात माणसाचं बघणं, ऐकणं, वास, चव, स्पर्श हेही बदलत जातं, हे मला पत्नीच्या आजारपणाच्या तिसऱ्या वर्षी कळलं. पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर तिने माझी इतकी बोलणी खाल्ली नसती. म्हणून हे पत्र.

आमच्या न्हाणीघराच्या दारात काळं पायपुसणं असायचं. ती तिथवर यायची आणि थांबायची. एका हाताने चौकट घट्ट धरायची, दुसऱ्या हाताने गाऊन वर घ्यायची, पाय उचलायची आणि पुन्हा मागे घ्यायची. मी मागून ओरडायचो, "अगं चल ना, काय लावलंयस!" एकदा मी तिला दंडाला धरून ओढलं. ती तिथेच खाली बसली आणि चौकट काही सोडेना. सांभाळायला येणाऱ्या मावशीही म्हणायच्या, "काकू मुद्दाम करतात." मलाही तेच पटलं होतं. पुढे पुण्याला एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजारी माणसाला रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या) बाईंनी मोबाईलवरचे घराचे फोटो बघितले आणि म्हणाल्या, "काका, ते पायपुसणं आधी उचला. त्यांना तिथे खड्डा दिसतोय." घरी आल्या आल्या उचललं. दुसऱ्या दिवशी ती सरळ आत गेली. मी बाहेर उभा राहून रडलो.

मी 31 वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीच कुंभार्ली घाटातून. रात्री समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर आला की झाडाची सावलीसुद्धा खड्डा वाटते आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. पुढच्या क्षणी आपल्याला कळतं की सावली होती. तिच्या बाबतीत तो पुढचा क्षण येतच नाही. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चष्म्याचा नंबर बरोबर आहे. डोळ्यांनी आत पाठवलेल्या चित्राचा अर्थ लावण्याचं काम मेंदूचं, आणि बिघाड तिथे आहे. खोली-उंचीचा अंदाज चुकतो, बाजूचं नीट दिसत नाही, चकचकीत फरशी ओली वाटते. तिन्हीसांजेला कपाटाच्या आरशातली बाई तिला परकी वाटायची. आता आरशावर जुनी साडी टाकलीय आणि दिवे लवकर लावतो.

जेवणाचंही तसंच. पांढऱ्या ताटात दहीभात वाढला की ती लोणच्याची फोड तेवढी उचलायची. भूक नसेल, असं आम्ही धरून चाललो आणि तिचं वजन उतरत गेलं. पांढऱ्यावर पांढरं तिला दिसतच नव्हतं. अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी 2004 साली अल्झायमरच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराच्या, मोजक्या रुग्णांना ठसठशीत लाल ताटं-पेले देऊन पाहिले, तर खाणं सुमारे 25 टक्क्यांनी आणि पिणं 84 टक्क्यांनी वाढलं. रुग्ण थोडेच होते, हे खरं. पण लाल ताट बाजारात स्वस्तात मिळतं, करून बघायला काय हरकत आहे? आमच्याकडे तरी भात संपायला लागला.

अंघोळीला मात्र सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. मावशी सवयीने पहिला तांब्या डोक्यावरून ओतायच्या आणि ही अशी किंचाळायची की शेजारचे धावत यायचे. पाणी कोमटच असायचं. पण न सांगता अंगावर येणारं पाणी तिला मार बसल्यासारखं लागत असावं. आता खांद्यावर टॉवेल असतो, पाणी पायांपासून सुरू करतो आणि प्रत्येक वेळी आधी सांगतो, "आता गुडघ्यावर घेतोय हं." पाणी किती कढत आहे हेही तिला सांगता येत नाही, म्हणून बादलीत आधी माझं कोपर बुडवतो. कुकर, मिक्सर आणि टीव्ही एकदम चालू असले तर ती कानांवर हात घेते. मग टीव्ही बंद करून समोर बसून बोललं की उत्तर येतं. पूर्वी उतू गेलेल्या दुधाचा वास तिला अंगणात यायचा. एकदा ती नासलेलं दूध निमूट प्यायली. अल्झायमरमध्ये वासाची जाण फार लवकर कमी होऊ शकते, म्हणून गॅसचा रेग्युलेटर रोज रात्री मीच बंद करतो.

यावरून कुणी डॉक्टरांकडे जाणं टाळू नये. कानात मळ नाही ना, चष्मा जुना नाही ना, हे आधी बघावं. दोन दिवसांत अचानक भ्रम वाढला तर लघवीचा संसर्गही असू शकतो, तेव्हा लगेच दाखवावं. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात नसलेली माणसंही दिसतात. तिथे आरसा झाकून भागत नाही.

देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यांना सांभाळणाऱ्या सुना, मुली, नवरे आणि बाराबारा तास ड्युटी करणाऱ्या मावशी यांच्या हातात आज फक्त गोळ्यांची चिठ्ठी पडते. आमच्या मावशींना एजन्सीने बीपी मोजायला आणि डायपर बदलायला शिकवलं होतं, हे शिकवलं नव्हतं. त्यात त्यांचा दोष नाही. निदान करणाऱ्या दवाखान्याने घरच्यांना समोर बसवून अर्धा तास एवढं सांगावं. एजन्सींनी मावशींना घरी पाठवण्याआधी शिकवावं. गावोगावच्या आशाताई घराघरांत जातात, त्यांनाही हे शिकवावं.

21 सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या दिवशी आपण एक पान फक्त सांभाळणाऱ्यांसाठी द्यावं, अक्षर मोठं ठेवून आणि सोप्या मराठीत. आमच्या मावशींना वाचायला जड जातं. त्यांना मी ते वाचून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक, कराड