आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : पोरीचा ‘एचयू’ आणि एक सुवाच्य कागद

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शिकायला किंवा कमवायला परदेशी जाणाऱ्या रुग्णांना सरकारी रुग्णालयातून टंकलिखित इंग्रजी औषधपत्र मिळण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मी चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातल्या एका गावात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, आता निवृत्त आहे. घरी थोडे धान आहे, आणि लोकांचे अर्ज लिहून देणे हा माझा बिनपगारी जोडधंदा आहे. फेरफार, निराधार, घरकुल, पीकविमा, असा एकही अर्ज नसेल जो माझ्या हातून गेला नाही. असा माणूस स्वतःच्या लेकीच्या एका कागदासाठी कसा अडला, ते आपल्या कानावर घालतो.

माझ्या लेकीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. वाहक नव्हे, रुग्ण; डॉक्टरी भाषेत ‘एसएस’. शाळेत रक्ततपासणीचे शिबिर लागले तेव्हा चौथीत होती. पहिल्या तपासणीत शंका आली, नागपूरला पक्के झाले, आणि घरात रुग्णाचे लाल कार्ड आले. पूर्व विदर्भात हा आजार नवा नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले त्याला आता साठ वर्षे उलटून गेली, ते साल १९५८. संपत रामटेक्यांसारख्या माणसाने आयुष्य या रुग्णांसाठी घातले, २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे, २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवून. म्हणजे कोणी काहीच करत नाही, असे मी म्हणत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसे लागत नाहीत, त्याबद्दल तर मनापासून आभार. माझी तक्रार त्या केसपेपरवर काय लिहिले जाते, एवढ्यापुरती आहे.

पोरीला रोज एक कॅप्सूल लागते. हायड्रॉक्सियुरिया, ५०० मिलिग्रॅम. आमच्याकडे डॉक्टरपासून आशाताईपर्यंत सगळे तिला ‘एचयू’ म्हणतात. ही गोळी सुरू झाल्यापासून वर्षातून पाच-सहा वेळा येणारी दुखणी एखाद-दुसऱ्यावर आली. सिकलसेलचे दुखणे ज्याने पाहिले नाही त्याला सांगून कळत नाही. पोर मांडी धरून भिंतीकडे तोंड करते आणि बोलत नाही, रडतही नाही. अंगावर पांघरूण टाकले तरी म्हणते, काढा.

ही पोरगी एम.एस्सी. झाली आणि राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेली. सप्टेंबर २०२४. त्या शिष्यवृत्तीची फाईल मी स्वतः लावली. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, अधिवास, हमीपत्र, गुणपत्रिका, सगळे साक्षांकित. व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणी करावी लागते, तीही केली. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी विद्यार्थ्याकडून वर्षाला ७७६ पौंड आधीच घेतात, तेही भरले गेले. फाईल इतकी जाड झाली की दोरी बांधावी लागली. पण त्या अख्ख्या प्रवासात एकाही टेबलावर कोणी विचारले नाही, की पोरीला काही औषध चालू आहे का, आणि असेल तर त्याचा कागद कुठे आहे.

कागद होता. तालुक्याच्या रुग्णालयातला केसपेपर, मधोमध घडी पडून फाटायला आलेला. वर निळ्या शाईत ‘कॅप. एचयू ५००’, पुढे एक रेघ, खाली ‘फॉलिक’, त्याखाली ‘ट्रामा, एसओएस’, म्हणजे दुखलेच तर घ्यायचे ट्रामाडॉल, आणि एक सही. सहीखाली नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. शिक्का होता, पण शाई संपत आल्यामुळे त्यातला ‘वैद्यकीय’ एवढाच शब्द उमटलेला. डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्या बाईंसमोर रोजच्या सकाळी दीडशे माणसे उभी असतात. टाइप करून द्या म्हटले तर म्हणाल्या, “सर, देते ना, पण प्रिंटरचा टोनर दोन महिन्यांपासून नाही.”

सोबत दोन महिन्यांच्या कॅप्सूल मिळाल्या. तिसऱ्या महिन्याचा साठा यायचा होता. पट्ट्यांवर ‘शासकीय पुरवठा, विक्रीसाठी नाही’ असा छाप. काही पट्ट्या कापलेल्या, म्हणजे औषधाचे नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर, जो कोण्या दुसऱ्याच पेशंटच्या घरी गेला असेल.

आता इंग्लंडमधली गोष्ट ऐका. तिथे औषध दुकानात जाऊन मागता येत नाही. आधी वस्तीतल्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचे, तो लिहून देईल ते औषधालयातून घ्यायचे. भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी तिथल्या औषधालयात चालत नाही. नोंदणीच्या वेळी नर्सने केसपेपर उलटसुलट करून पाहिला. ‘एचयू’ म्हणजे काय ते तिला उमगेना. मग तिने सरळ विचारले, “हायड्रॉक्सिकार्बामाइड घेतेस का?” पोरीने हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. ती म्हणाली, “नाही.”

झाले. संगणकात नोंद पडली की हे औषध चालू नाही. मोठ्या रुग्णालयातल्या रक्तविकाराच्या डॉक्टरांकडे पत्र गेले, पण घाई नसलेल्या रांगेत.

महोदय, हायड्रॉक्सिकार्बामाइड आणि हायड्रॉक्सियुरिया हे एकच औषध आहे. आपल्याकडे आणि अमेरिकेत एक नाव चालते, ब्रिटन-युरोपात दुसरे. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या साल्ब्युटामॉलला तिथे अल्ब्युटेरॉल म्हणतात, तसेच हे. मला हे सारे नंतर कळले. तिच्या केसपेपरवर औषधाचे पूर्ण नाव सुवाच्य असते, तर नर्सने ते संगणकात टाकून एका मिनिटात ताडून पाहिले असते. दोन अक्षरे संगणकात टाकून काय सापडणार?

नोव्हेंबरात कॅप्सूल संपल्या. त्याच आठवड्यात तिथे थंडी पडली, आणि थंडी ही सिकलसेलवाल्याची वैरीण आहे. रात्री दीडला फोन आला. मी टॉर्च घेऊन तिची फाईल उपसत होतो, काही कामाचा कागद सापडतो का म्हणून. तिची आई दारात उभी राहून म्हणाली, “का जी, पोरगी तिकडे हाडं धरून बसली, अन् तुमी कागद पाहून रायले?” तिला काय सांगू, की तिकडे कागदच पाहतात.

तिथल्या रुग्णालयाने उपचार चांगले केले, हेही लिहिले पाहिजे. सिकलसेलचे दुखणे घेऊन कोणी आले तर अर्ध्या तासाच्या आत वेदनाशामक द्यावे, असा तिथला मार्गदर्शक नियम आहे, आणि तो पाळला गेला. सकाळी रक्तविकाराच्या डॉक्टर आल्या. पोरीने मोबाइलमध्ये रिकाम्या पट्टीचा फोटो दाखवला. त्या हसल्या म्हणे, “अगं, तू तर घेतच होतीस!” सहा आठवड्यांचा घोळ एका फोटोने मिटला. आता औषध नियमित मिळते. इंग्लंडात एका औषधाला एका वेळी ९.९० पौंड पडतात, हजारावर रुपये; सिकलसेल तिथल्या माफीच्या यादीत नाही. त्यासाठी वर्षाचा ११४.५० पौंडांचा पास मिळतो, तो तिने काढला. स्कॉटलंड-वेल्समध्ये पैसे लागत नाहीत म्हणतात. असो, तो त्यांचा प्रश्न.

मधल्या दिवसांत मी जो उद्योग केला तोही कबूल करतो, कारण माझ्यासारखे बाप विदर्भात पुष्कळ असतील. मी आधी कॅप्सूल पाठवायला पोस्टात गेलो. तिथल्या मुलाने नियम बरोबर सांगितला : डॉक्टरची चिठ्ठी, औषधाचे बिल, कस्टमचा फॉर्म. चिठ्ठी म्हणजे तोच केसपेपर. आणि बिल? औषध सरकारने फुकट दिलेले, बिल कुठून आणू? नागपूरच्या कुरिअरवाल्याने तेच विचारले. म्हणजे गरिबाला मोफत मिळालेले औषध परदेशी पाठवायचे तर आधी ते विकत घ्यावे लागते, पावतीसाठी. शेवटी शहाणपण सुचले ते असे, की जवसाच्या चटणीच्या डब्यात, चटणीच्या खाली, प्लास्टिकमध्ये बांधून एक महिन्याच्या कॅप्सूल टाकल्या आणि शेजारच्या तालुक्यातून तिकडे जाणाऱ्या एका पोराच्या हाती दिल्या. त्या पोराला सांगितलेही नाही. त्याला विमानतळावर धरले असते तर? चुकीचे होते. पेशी मारणारे औषध आहे ते, चटणीत ठेवायची वस्तू नव्हे. डबा पोहोचला, पण पोरीने त्यातले एकही कॅप्सूल घेतले नाही. चटणी तेवढी खाल्ली.

आमच्या डॉक्टरबाईंना फोन केला होता, व्हिडिओवर पोरीला बघून लिहून द्या म्हणून. त्यांनी समजावून सांगितले. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना भारताबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत. आणि त्यांनी लिहिले तरी ते इंग्लंडच्या दुकानात चालणार नाही, हे मला तोवर कळलेच होते. म्हणजे जे काही करायचे ते माणूस निघण्यापूर्वी, इथेच करायचे.

हा एका पोरीचा प्रश्न असता तर आपला वेळ घेतला नसता. आमच्याकडून पोरे दुबई, कतार, सौदीला जातात. वेल्डर, सुतार, वायरमन. कोणाला फिट्सची गोळी चालू असते, कोणाला मानसोपचाराची. केसपेपरवरच्या त्या ‘ट्रामा’चेच बघा. ट्रामाडॉल भारतात एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्याखाली आहे, ब्रिटनमध्ये २०१४ पासून नियंत्रित आहे. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल काय, फिट्सवर देतात ते क्लोनाझेपाम काय, न्यायचे तर तिथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते, आणि त्या अर्जाला डॉक्टरची धड चिठ्ठी जोडावी लागते. आमच्या पोरांना हे कोणी सांगत नाही. एजंट म्हणतो, “गोळ्या मोज्यात टाक, कोणी पाहत नाही.” पाहिले तर काय, ते एजंटला भोगायचे नसते.

तेव्हा मागणी एवढीच. परदेशी निघालेला कोणताही जुनाट रुग्ण पासपोर्ट घेऊन ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आला, तर त्याला इंग्रजीत टाइप केलेले एक पानाचे औषधपत्र मिळावे. त्यावर पासपोर्टप्रमाणे नाव, आजार, औषधाचे पूर्ण जेनेरिक नाव, दुसरे नाव प्रचलित असेल तर तेही, मात्रा, कोणत्या देशात कधी जाणार, शेवटच्या रक्ततपासणीचे आकडे, डॉक्टरचे नाव, नोंदणी क्रमांक, वाचता येईल असा शिक्का. ब्रिटनचे सरकार नियंत्रित औषध घेऊन येणाऱ्याकडून जवळपास एवढेच मागते. आणि सोबत तीन महिन्यांचे औषध न कापलेल्या पट्ट्यांत, ‘शासनाकडून विनामूल्य दिले’ अशा पावतीसह.

यात नवे काहीच नाही. जेनेरिक नाव, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, हे वैद्यकीय परिषदेने २०१६ मध्येच डॉक्टरांना सांगितले आहे. रुग्णाचे नाव-पत्ता, तारीख, औषधाची मात्रा चिठ्ठीवर हवी, हे तर १९४५ च्या औषध नियमावलीत आहे. पोरीचा ‘आभा’, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा, चौदा आकडी क्रमांकही आहे. त्याचा आजवर एकच उपयोग झाला, ओपीडीच्या रांगेचे टोकन काढायला. लाल कार्डावर इंग्रजीत चार ओळी वाढवल्या तरी सिकलसेलवाल्यांचे निम्मे काम होईल. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीचा प्रवास मोफत आहे. एसटीच्या पुढचाही प्रवास आमची पोरे आता करू लागली आहेत.

सामाजिक न्याय खात्याशीही आपण एकदा बोलावे. शिष्यवृत्तीच्या यादीत आणखी एक कागद वाढला तर आम्ही कुरकुरणार नाही. एरवी वाढवतातच.

पत्राचे उत्तर मराठीत चालेल. औषधपत्र तेवढे इंग्रजीत द्या.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
जि. चंद्रपूर

ता. क. : गावातला एक पोरगा पुढच्या महिन्यात दुबईला निघाला आहे. फिट्सची गोळी चालू आहे. काल त्याला घेऊन रुग्णालयात गेलो होतो. टोनर आला आहे, पण अशा पत्राचा नमुना वरून आलेला नाही, म्हणून देता येत नाही म्हणाले. नमुना मी या पत्रासोबत जोडत आहे.