ब्रदर, तुम्ही यादी मोठ्यानं वाचलीत

ब्रदर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथं लिहीत नाही. सरकारी नोकरीत कौतुकाचाही खुलासा द्यावा लागतो म्हणतात. चोपडा-शिरपूर रस्त्यावर वऱ्हाडाचा टेम्पो उलटला त्या दुपारी सरकारी दवाखान्यात तुमची ड्यूटी होती, एवढी खूण पुरे. मी नवरदेवाचा मामा.

काही वर्षांपूर्वी असाच एक अपघात आमच्या घरानं पाहिलाय. तेव्हा मिळेल त्या गाडीत घालून जो तो जवळच्या दवाखान्यात नेला. खरचटलेले आधी पोचले, खाटा त्यांनीच अडवल्या. जबर जखमी मागून आले नि ओसरीत पडून राहिले. माझे काका कुठं आहेत हे सांगायला एक माणूस नव्हता. एका खिडकीवर डिपॉझिट विचारलं, दुसरीकडे "इथं गर्दी करू नका". सापडले तेव्हा त्यांच्या पायाला 'अनोळखी पुरुष' अशी चिठ्ठी होती. मतदार कार्ड खिशातच होतं. कुणी खिशात हातही घातला नव्हता.

म्हणून त्या दुपारी तुम्ही गेटवरच उभे दिसलात आणि "ज्यांना चालता येतंय त्यांनी निंबाखाली या" असं ओरडलात, तेव्हा आमची माणसं चिडली. मार लागलेल्याला चालायला लावतो हा! पण निम्मी गर्दी त्या एका वाक्यानं बाजूला झाली. मग जमिनीवरच्या एकेकापाशी बसलात. श्वास मोजलात, मनगटाची नाडी पाहिलीत, "माझा हात दाबा" म्हणालात. माझी भाची नर्सिंगला आहे, तिनं नंतर सांगितलं: मिनिटाला ३० च्या वर श्वास, मनगटाला नाडी लागत नाही, सांगितलेलं कळत नाही, यातलं एक जरी असलं की लाल फीत. थांबू शकेल त्याला पिवळी, चालत्याला हिरवी. काळी कुणाला, ते तिनं सांगायची गरज नव्हती.

माझा मुलगा गप्प पडून होता, त्याला लाल बांधून पहिल्या १०८ मध्ये घातलंत. ओरडणारे मागे राहिले. बायकोला हिरवी होती. थोड्या वेळानं परत येऊन तिचं पोट दाबून पाहिलंत आणि फीत बदलून पिवळी केलीत. परत येणं हेच आम्हाला नवीन होतं.

पण मी लिहितोय ते त्या यादीसाठी. संध्याकाळी गेटबाहेर सगळं गाव जमलेलं, जो तो आत घुसू पाहतोय, तेव्हा तुम्ही हातात वही घेऊन ओट्यावर चढलात. नाव, गाव, कुठली फीत, कुठं पाठवलं. सगळं मोठ्यानं, सावकाश, आणि अहिराणीत. माझी आई खाली फतकल मारून बसली होती. तिच्याकडे बघून म्हणालात, "माय, तुना नातूले धुयाले लई गयात. गाडीमा त्यानी डोया उघाडात." म्हणजे नातवाला धुळ्याला नेलंय, गाडीत त्यानं डोळे उघडलेत. गाडीतल्या डॉक्टरला तुम्ही स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला होतात. आई त्यानंतर पाणी प्याली. दुपारपासून पहिल्यांदा.

एक नाव तुम्ही वाचलं नाही. माझ्या लक्षात आलं, कारण तो माणूस माझ्या शेजारीच उभा होता. यादी संपवून खाली उतरलात, त्याला खांद्याला धरून बाजूला नेलंत आणि किती तरी वेळ त्याच्याजवळ बसून राहिलात. आत काम तुंबलेलं असताना.

नंतर कळलं की फिती तुम्ही टेलरकडून कापून आणून खणात ठेवल्या होत्या, आणि वॉर्डबॉय, सफाईच्या मावशी यांना आवारात ओळीनं निजवून सराव घेतला होता. मावशी सांगत होत्या, "तवा आम्ही लई हसलो." २००५ च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा करायला लावलाय. तो कपाटात असतो. तुमचा खणात होता, हाताशी.

टेम्पोखालून माणसं ओढून काढणारी पोरंही इथं आठवतात. केळीच्या बागेत मजुरीला आलेली पावरा आदिवासी पोरं, अंगावरचे गमछे फाडून पट्ट्या केल्या त्यांनी. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं, अपघातात मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून. त्या पोरांनी कलमाची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी पुढारी आले, फोटो झाले, शाली वाटल्या गेल्या. ना त्या पोरांना बोलावलं, ना तुम्हाला. शाल कुणाला मिळाली ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे, मी कशाला सांगू.

मुलगा आता काठी घेऊन चालतो. थंडी पडली की आमच्या शेतात भरीत-पुरी करतोय, तुम्ही यायचंच. ड्यूटी लागली तर पातेली तिकडं घेऊन येतो. मावशी, वॉर्डबॉय, १०८ चे ड्रायव्हर, सगळी डोकी मोजून आधी कळवा, वांगी तेवढी भाजायला लागतील.

तुमचा,
नवरदेवाचा मामा